काजू, अननस आणि तुपी

काजू आणि अननस पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणले, हे आपण सगळे शाळेत शिकलो. ती नावंही पोर्तुगिजांची नाहीत, हे मात्र पुस्तकात नव्हतं. ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपी भाषेत काजूला ‘अकाजू’ आणि अननसाला ‘नाना’ म्हणत. पोर्तुगिजांनी फळांबरोबर शब्दही उचलले आणि ते गोव्यामार्गे आपल्या ताटात आले.

तुपीचं माहेर मात्र किनाऱ्यावर नाही. ते कसं शोधलं, हा मला यातला सगळ्यात गोड भाग वाटतो. तुपी कुटुंबाच्या साधारण दहा शाखा आहेत. त्यांतल्या पाच बोलिव्हियाच्या सीमेला लागून असलेल्या रोंदोनिया प्रदेशात आणि त्याच्या आसपासच सापडतात. भाषा जिथे सर्वांत जास्त काळ नांदते, तिथेच तिला जास्त फाटे फुटतात. म्हणून आर्यों रोद्रिगेस या ब्राझिली भाषाशास्त्रज्ञांनी मूळ घर तिथे मानलं. मी दिवसभर कोडच्या फांद्यांत वावरते, त्यामुळे हा तर्क लगेच पटला!

एकच शाखा, तुपी-गुआरानी, खूप लांब गेली: पूर्वेला अटलांटिक, दक्षिणेला पराग्वे, उत्तरेला फ्रेंच गयाना. हे लोक कसाव्याची शेती करत. आपला उपासाचा साबुदाणा होतो, तोच हा कंद.

1500 साली पोर्तुगीज ब्राझीलला पोहोचले, तेव्हा किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी तुपीच चाले. जेझुइट पाद्री ती शिकले. आंशिएता यांचं तुपी व्याकरण 1595 मध्ये छापलं गेलं. आपल्या शेजारी गोव्यात फादर स्टीफन्स यांनी कोंकणीचं व्याकरण लिहिलं, ते त्याच धर्तीवर. पुढचा फटकाही सारखाच. गोव्यात 1684 मध्ये कोंकणी बंद करण्याचा हुकूम निघाला, ब्राझीलमध्ये 1750 च्या दशकात पोर्तुगीजची सक्ती झाली. कोंकणी तगली. किनाऱ्यावरची तुपी नाही, कारण देवी आणि गुलामगिरीने तिथे बोलणारी माणसंच फारशी उरली नव्हती.

पराग्वेत गुआरानी आज बहुसंख्य लोक बोलतात. 1992 च्या राज्यघटनेने तिला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केलं. आणि तुपीची एक लेक, न्येएंगातू, ॲमेझॉनच्या खोऱ्यात रिओ नेग्रो नदीकाठी जिवंत आहे. तिथल्या बारे लोकांची स्वतःची, वेगळ्याच कुटुंबातली भाषा या न्येएंगातूपुढे मागे पडली. आज ते न्येएंगातूलाच आपली भाषा म्हणतात. 2002 पासून साओ गाब्रिएल दा काशोएइरा या त्यांच्या गावात तिला सरकारी दर्जा आहे.