तोंड एक झालं, मानेचं काय?

चार्जरची वायर बरोबर मधोमध तुटलेली पाहिलीय कधी? फार क्वचित. ती तुटते पिनच्या मुळाशी, जिथं कडक भाग संपतो आणि मऊ वायर सुरू होते. मी त्या जागेला मान म्हणतो. विषय किरकोळ वाटेल, पण रेशनच्या ओटीपीपासून पीक विम्याच्या अर्जापर्यंत सगळं ज्या मोबाईलवर आणून ठेवलंय, तो या मीटरभर वायरीवर चालतो. म्हणून आज या मानेचा थोडा इतिहास.

पूर्वी वायर तुटली की जोडायची, हाच रिवाज होता. आणि जोडायची म्हणजे किती? १८६५ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजावरून अटलांटिक महासागरात तारायंत्राची केबल टाकताना ती तुटली आणि दोन मैलांहून खोल पाण्यात गेली. १८६६ मध्ये त्याच जहाजानं आधी दुसरी केबल पूर्ण टाकली, मग माघारी जाऊन जुनीचं टोक आकड्यानं वर ओढलं, जोड मारला आणि तीही चालू केली! याच जहाजानं १८७० साली मुंबईहून एडनपर्यंत केबल टाकली. तांब्यावर वेष्टण होतं गटापर्चाचं, म्हणजे मलायाकडच्या एका झाडाच्या चिकाचं. प्लास्टिक अजून यायचं होतं.

घरातही तेच. जुन्या इस्त्रीची कापडी वायर आठवा. मुळाशी तुटली की थ्री पिन टॉपचे स्क्रू सोडायचे, खराब झालेले दोन इंच कापायचे, तारा परत आवळायच्या. वायर दोन इंच आखूड, इस्त्री पुन्हा गरम. पुढं साच्यात ओतलेले टॉप आले. शॉक लागायची भीती कमी झाली, हा फायदा खरा. पण स्क्रू गेले आणि उघडायची वाटही गेली.

मोबाईलच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. जाड पिन, बारीक पिन असा गोंधळ चालू असताना २००७ मध्ये मायक्रो यूएसबीचं मानक आलं. त्यात पकड धरून ठेवणाऱ्या बारीक स्प्रिंगा मुद्दाम मोबाईलच्या खाचेतून काढून वायरीच्या पिनमध्ये बसवल्या. हेतू असा की झिजायचंच असेल तर स्वस्तातली वायर झिजावी, महागडा मोबाईल नको. पिन दहा हजार वेळा घातली-काढली तरी टिकावी, हे गणित होतं. टाइप-सीतही पकड पिनच्याच बाजूला आहे. इंजिनिअरच्या नजरेनं हा शहाणपणाच. पण जी वस्तू झिजण्यासाठीच पुढं केली, तीच उघडता येणार नाही अशी सील केली. झिजेचा खर्च गेला गिऱ्हाईकाच्या खिशात, आणि कचरा गावाच्या उकिरड्यावर.

सरकारांनी काय केलं? २००९ मध्ये युरोपियन कमिशननं मोठ्या कंपन्यांकडून एकाच चार्जरचा स्वेच्छेचा करार करून घेतला. त्यात पळवाटा निघाल्या. शेवटी कायदा झाला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथं नव्या मोबाईलला टाइप-सी सक्तीचं झालं. आपल्याकडं भारतीय मानक ब्युरोनं जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं, असा त्याचा पसारा. म्हणजे वायरीचं तोंड एक झालं. मान मात्र आपली आपण सांभाळायची.

ती कशी? वायर ओढून नाही, पिन धरून काढायची. चार्जिंगला लावून मोबाईल छातीवर ठेवून पडू नका, सगळा ताण मानेवर येतो. (हे तरुण पोरांना सांगून उपयोग नाही, तरी सांगतो.) बोटाभोवती घट्ट गुंडाळी करू नका, सैल वेटोळं ठेवा. वरचं रबर नुसतं फाटलंय आणि आतल्या तारा शाबूत आहेत, तर इलेक्ट्रिकच्या दुकानात हीट श्रिंक ट्यूब मिळते. तिचा प्रसार १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या रेकेम कंपनीनं केला. ताणून थंड केलेली नळी गरम झाली की मूळ आकाराला परत येते, इतकंच तिचं तत्त्व. पिन जाड आणि वायर बारीक असते, म्हणून एक तृतीयांशापर्यंत आकसणारी नळी मागा. अर्ध्यापर्यंतच आकसणारी सैल राहते. चार्जर काढून ठेवून मगच नळी चढवा आणि मोबाईल रिपेअरवाल्याकडं हॉट एअरनं आकसून घ्या. काळी टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते. बॉलपेनची स्प्रिंग अनेकजण लावतात, पण तिचं टोकच रबर कापतं, मला तो उपाय पटत नाही.

तांबं दिसत असेल, पिन काळी पडली असेल किंवा वायर गरम होत असेल तर विषय संपला, ती टाका. जुन्या साध्या चार्जरची चार तारांची वायर (लाल, काळी, हिरवी, पांढरी) जाणकार माणूस सोल्डर करून देतो. प्रत्येक जोड थोडा मागंपुढं घेतो, म्हणजे एकमेकींना चिकटत नाहीत. फास्ट चार्जिंगच्या टाइप-सी वायरीवर मात्र हा प्रयोग नको. तिथं तीन अँपिअर जातो, काहींत पाच. पाचवालीच्या पिनमध्ये तर ओळख पटवणारी चिप असते. कच्च्या जोडात एकाऐवजी तीन अँपिअर गेला तर उष्णता तिप्पट नाही, नऊपट होते. आणि ही वायर रात्रभर उशीशेजारी असते. टाकायची वेळ आली तर घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात नको. आत तांबं आहे, ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.