नळदुर्गचे टेलरसाहेब आणि त्यांचा गोतावळा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातले सास्तूर हे गाव आसपासच्या अनेक गावांबरोबर कोसळले. पुढे नवी वसाहत उभी राहिली. पण दगडमातीच्या जाड भिंतींखाली जुन्या गोष्टी सांगणारी माणसे गेली आणि घराघरांतले कागदही गेले. अशा गावातल्या शिक्षकाने मुलांना ‘आपल्या भागाचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा इतिहास शोधा’ असे सांगितले, तर मुलांनी जायचे कोठे?

एक वाट याच जिल्ह्यातल्या नळदुर्ग किल्ल्याकडे जाते. १८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चाच्या कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यातल्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार कॅप्टन फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे आला. त्याने आपले आत्मचरित्र लिहून ठेवले आहे. या भागाविषयी तपशिलाने बोलणारा त्या काळातला दुसरा साक्षीदार सहजी सापडत नाही. पण साक्षीदार मिळाला की त्याची उलटतपासणीही आलीच. तो कोण होता, कोणाचा कोण होता, हे आधी पाहू.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूलला एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, तो मुंबईच्या एका इंग्रज व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी आला. इथे पाहतो तर त्या व्यापाऱ्याचाच कारभार डबघाईला आलेला! मुंबई सरकारातल्या एका नातेवाइकाने खटपट करून त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळवून दिली आणि पोरगेला टेलर औरंगाबादेस रुजू झाला. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. टेलर इंग्रज होता, लष्करी अधिकारी होता, पण ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर नव्हता. कंपनीच्या अधिकाऱ्यांचा मान आणि बढत्या त्याच्या वाट्याला सहजी येणाऱ्या नव्हत्या. देशी भाषा शिकून लोकांत मिसळणे हेच त्याचे भांडवल.

१८३२ साली त्याने हैदराबादेत मेरी पामरशी लग्न केले. पामर हे नाव इतिहासाच्या शिक्षकांना अनोळखी नाही. नाना फडणीस १८०० साली वारले तेव्हा मराठी राज्यातले शहाणपण आणि नेमस्तपणा त्यांच्याबरोबर गेला, असा अभिप्राय पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटाने दिला होता. तो रेसिडेंट म्हणजे जनरल विल्यम पामर, मेरीचा आजोबा. तिची आजी फैजबख्श बेगम मोगलाई घराण्यातली. या दांपत्याचे मुलाबाळांसह काढलेले, १७८५-८६ च्या सुमाराचे एक मोठे तैलचित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

त्या मुलांपैकी विल्यम हा मेरीचा बाप. १७९१ पासून कंपनीने हिंदी आईच्या मुलांना आपल्या अधिकारीपदाची दारे बंद केली होती. मग विल्यम निजामाच्या चाकरीत शिरला आणि पुढे हैदराबादेत त्याने सावकारी पेढी काढली. ती इतकी मोठी झाली की खुद्द निजाम सरकार तिचे देणेकरी झाले. रेसिडेंट मेटकाफने तिच्याविरुद्ध मोहीम उघडली आणि पेढी बुडाली. म्हणजे सासरा आणि जावई, दोघेही कंपनीच्या दाराबाहेरचे, आणि दोघांनाही आधार निजामाचाच. मेरी १८४४ मध्ये वारली. त्यानंतरही टेलर सोळा वर्षे दख्खनमध्येच राहिला.

नळदुर्गच्या आधी दहाबारा वर्षे तो सुरपूर संस्थानात (आज कर्नाटकातला यादगीर जिल्हा) होता. तिथला बालराजा वेंकटप्पा नायक त्याला ‘अप्पा’ म्हणे. नळदुर्गला त्याने जमिनीची मोजणी, रस्ते आणि महसूल ही कामे हाती घेतली. लोकांच्या तोंडी ‘मेडोज’चे ‘महादेव’ झाले, असे तो कौतुकाने सांगतो. (हे सांगणारा तोच आहे, एवढे मात्र विसरू नये.) १८५७ च्या धामधुमीत त्याला बुलढाण्यास पाठवले. पुढच्या वर्षी सुरपूरचा तरुण राजा बंडात सापडला आणि कैदेत नेला जात असताना पिस्तुलाच्या गोळीने मेला. राजा चोविसाव्या वर्षी मरेल असे ज्योतिषाने आधीच सांगितले होते आणि ते खरे ठरले, असे टेलर लिहितो. चुकलेली भाकिते मात्र कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून खरी ठरलेली तेवढी उरतात. वर्गात चर्चेला हे उदाहरण चांगले आहे.

ठगांबाबतही जपूनच वाचायला हवे. टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली निघाली आणि विलायतेत गाजली. तिच्यातला अमीर अली माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून घडवलेला आहे. फाशी टाळण्यासाठी दिलेली जबानी कितपत खरी मानावी, असा प्रश्न आजचे इतिहासकार विचारतात.

आता दुसरी बाजू. सुरपूरच्या परिसरात टेलरला मोठमोठ्या शिळांची प्राचीन दफनस्थळे आढळली. भीमेच्या खोऱ्यात जेवर्गीजवळ त्याने त्यांतली काही उकरली. त्या काळी असे खणणे म्हणजे बहुधा वस्तू काढून घेणे. टेलरने मात्र खड्ड्याचा उभा छेद काढला. माती, दगड, हाडे, मडकी कोणत्या थरात आहेत हे कागदावर उतरवले. ही दफने युरोपातून इकडे पसरलेल्या केल्ट किंवा सिथियन लोकांची असावीत, असा निष्कर्ष त्याने काढला. तो आज कोणी मानत नाही. दख्खनमधली ही दफने लोहयुगातली आणि बहुतांशी इथल्याच लोकांची मानली जातात. पण त्याचे छेद? शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलरसारख्या कडक शिस्तीच्या पुरातत्त्वज्ञाने त्यांची वाखाणणी केली. काय दिसले आणि काय वाटले हे टेलरने निदान इथे तरी वेगळे ठेवले होते, म्हणून त्याची चूक दुरुस्त करता आली.

टेलर १८६० मध्ये परतला. त्याच वर्षी नळदुर्ग जिल्हा निजामाकडे परत गेला. डब्लिनजवळ राहून त्याने तुळजापूरच्या ब्राह्मण मुलीवरची ‘तारा’ (१८६३) आणि इतर कादंबऱ्या लिहिल्या. १८७५ मध्ये, दृष्टी अधू झालेली असताना, तो पुन्हा हैदराबादेस आला. तिथे तापाने गाठले. परतीच्या वाटेवर १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधल्या मांतों गावी तो वारला. आत्मचरित्र त्याची मुलगी ॲलिस हिने संपादून १८७७ मध्ये छापवले.

मुलांना घेऊन नळदुर्गला जाणार असाल तर त्यातले किल्ल्याचे पान सोबत न्यावे. बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल त्यात आहे. वर्णन वाचून मुलांनी आज काय दिसते ते शेजारी लिहावे, जमल्यास बंधाऱ्याचा उभा छेद काढावा. पावसाळ्याच्या अखेरीस, बोरी भरून बंधाऱ्यावरून वाहत असेल तेव्हा गेल्यास उत्तम.