डाव्या बुटावरचा काळा डाग

जुलै १९९४ मधली गोष्ट. पनवेलहून वाशीला मी मोटारसायकलने नोकरीला जात होतो. लोकल वाशीला १९९२ साली आली, बेलापूरला १९९३ साली. पनवेलपर्यंत यायला मात्र १९९८ साल उजाडलं. तोवर आम्हा चाकरमान्यांना एसटीत लोंबकळा नाहीतर दुचाकी काढा, एवढेच मार्ग होते. माझी गाडी सेकंडहँड, चेनचं कव्हर तुटकं. त्या दिवशी कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे जाणाऱ्या ट्रकांच्या मधून वाट काढत कचेरीत पोचलो तेव्हा क्रीम रंगाची टेरिकॉटची पँट गुडघ्याखाली चिखलाने माखलेली, घोट्याजवळ ग्रीसचा पट्टा आणि डाव्या बुटाच्या नाकावर गिअरच्या दांड्याचा काळा डाग. साहेबांनी एकदा खालपासून वर पाहिलं. ‘आज काउंटरवर नको, आत बसा,’ म्हणाले. मी तेव्हा प्रोबेशनवर होतो. दिवसभर जुन्या फायलींमध्ये बसून नोकरी जाणार की राहणार, याचाच हिशेब करत होतो.

संध्याकाळी शेजारचे काका भेटले. तेही वाशीलाच, त्याच रस्त्याने, पण चेतकवरून जात. त्यांच्या पँटीची इस्त्री जागच्या जागी! मी विचारलं तर हसून म्हणाले, ‘अरे, तुझ्या गाडीला पुढे भिंत कुठाय?’

काका गमतीने बोलले, पण त्या भिंतीला इतिहास आहे. इटलीत दुसऱ्या महायुद्धानंतर पिआजिओ कंपनीने कोरादिनो दास्कानिओ या इंजिनिअरला स्वस्त दुचाकी बनवायला सांगितलं. हे गृहस्थ मूळचे विमानं आणि हेलिकॉप्टरवाले. मोटारसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. ती बसायला गैरसोयीची आणि कपडे घाण करणारी, असं त्यांचं मत. मग त्यांनी पायांपुढे पत्र्याची ढाल उभी केली. इंजिन झाकणाखाली नेलं, चेनच काढून टाकली आणि गिअर हँडलवर आणला. एप्रिल १९४६ मध्ये या गाडीचं पेटंट दाखल झालं. तीच व्हेस्पा. इस्त्रीचे कपडे घालून कामावर जाणारा माणूस हिशेबात धरून बनवलेली गाडी!

हीच गाडी बजाजने पिआजिओशी करार करून आपल्याकडे बनवायला घेतली. करार १९७१ साली संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. तिच्यासाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. तीही काही सोवळ्यातली नव्हती म्हणा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे, आणि रस्त्यात प्लग साफ करायची वेळ आली की हात काळे होतच.

पण १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि मध्यमवर्गाचं गणित बदललं. फोर स्ट्रोक इंजिन, थेंबाथेंबाला पुरणारं पेट्रोल. रोज येऊन-जाऊन चाळीसेक किलोमीटर गाडी मारणाऱ्या पनवेलकराला पुढच्या भिंतीपेक्षा ॲव्हरेज महत्त्वाचं वाटलं, त्यात नवल नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोटारसायकलींचा खप स्कूटरच्या पुढे गेला. कपडे स्वच्छ ठेवायचं जे काम गाडी करत होती ते माणसावर आलं. खरं सांगायचं तर घरातल्या बाईवर आलं. वाचलेल्या पेट्रोलचे पैसे माझ्या खिशात राहायचे आणि आई मोरीत बसून माझ्या पँटीचे पाय ब्रशने घासायची. हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

कपड्यांचा प्रश्न नुसत्या डागांचा नसतो, हे लग्नानंतर कळलं. पळस्पे फाट्याजवळ मागे बसलेल्या बायकोचा पदर चाकाकडे ओढला गेला. मागच्या रिक्षावाल्याने आरडाओरडा केला म्हणून मी थांबलो. काठ टरकन फाटला, पण ती वाचली. जुन्या गाडीला साडीगार्ड नव्हता आणि तो बसवून घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. वास्तविक १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. नियम १२३ : मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी सोय हवी, शिवाय धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा हवी. दुसऱ्याच दिवशी मी गॅरेजमध्ये गेलो आणि साडीगार्ड बसवला. चेनचं कव्हरही तेव्हाच बदललं.

नोकरीत मी कायम झालो, पण त्या जुलैनंतर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक पँट पावसाळाभर डब्याच्या पिशवीत असायची. पुढे लोकल आली, गाडी स्टेशनपर्यंतच जाऊ लागली, तरी ती पिशवी सुटली नाही.

त्या क्रीम पँटीचा चिखल आईने धुऊन काढला होता. ग्रीस काही गेलं नाही. शेवटी तिने पँट फाडली आणि गाडी पुसायला फडकी करून दिली. टेरिकॉटच्या फडक्याने गाडी नीट पुसली जात नाही, हेही मला तेव्हाच समजलं.