बुटकी तुती

बुटकी तुती म्हणजे कुंडीत, गच्चीवर किंवा परसबागेत कमी उंचीचे राखलेले तुतीचे झाड. तुती हा मोरेसी कुलातील पानझडी वृक्ष आहे. वड, उंबर, अंजीर आणि फणस हे याच कुलातील होत. भारतात प्रामुख्याने मोरस अल्बा व मोरस इंडिका या जातींची लागवड होते. मोकळ्या जमिनीत हे झाड १० मीटर किंवा त्याहून उंच वाढते. घरगुती लागवडीत त्याची उंची साधारणपणे दीड ते दोन मीटर ठेवतात.

बुटकेपणाचे स्वरूप

काही वाणांचा बुटकेपणा उपजत असतो. अमेरिकेतील ‘जेरार्डी ड्वार्फ’ या वाणाची पेरे आखूड असल्याने झाड आटोपशीर राहते. मात्र बुटकी म्हणून विकली जाणारी अनेक रोपे सामान्य तुतीचीच असतात. कुंडीत मुळांना मिळणारी मर्यादित जागा आणि वारंवार केलेली छाटणी यांमुळे ती लहान राहतात. रेशीम शेतीत हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. रेशीम अळीला पाला मिळावा म्हणून तुती वर्षातून अनेकदा छाटून झुडपाच्या रूपात ठेवली जाते.

खानदेशातील हवामान

तुतीची वाढ २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम होते. १३ अंशांखाली आणि ३८ अंशांवर ती मंदावते. जळगावात उन्हाळ्यात पारा काही वेळा ४५ अंशांपलीकडे जातो, तर धुळ्यात हिवाळ्यातील काही रात्री तो १० अंशांच्या खाली उतरतो. जमिनीतील झाड खोल मुळांमुळे हा ताण सोसते. कुंडीत मात्र मातीच तापते व लवकर सुकते. त्यामुळे येथील घरगुती लागवडीत पहिला उन्हाळा हा कसोटीचा काळ ठरतो.

लागवड

अभिवृद्धी छाट कलमांनी होते. सहा ते आठ महिने वयाच्या, पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचे तीन-चार डोळे असलेले १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे तुकडे पावसाळ्याच्या सुरुवातीस लावतात. तुतीची नर व मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात. नर झाडाच्या कलमाला फळे येत नाहीत, म्हणून फळे देणाऱ्या झाडाचीच फांदी निवडावी लागते.

कुंडी किमान ४० सेंटिमीटर व्यासाची आणि तळाशी छिद्रे असलेली असावी. तापीखोऱ्यातील काळी माती पाणी धरून ठेवते व सुकल्यावर भेगाळते. केवळ तीच वापरल्यास पावसाळ्यात मुळे कुजण्याचा संभव असतो. म्हणून तीत वाळू व चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळतात.

उन्हाळी निगा

एरवी तुतीला भरपूर ऊन लागते. परंतु एप्रिल-मे महिन्यांत दुपारची सावली उपयुक्त ठरते. कुंडीभोवती ओले गोणपाट गुंडाळणे, मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे आणि सकाळ-संध्याकाळ पाणी देणे हे प्रचलित उपाय आहेत. केळीच्या बागांमुळे जळगाव जिल्ह्यात रुळलेले ठिबक सिंचन गच्चीवरील कुंड्यांनाही जोडता येते. क्षारयुक्त पाण्याच्या सततच्या वापराने पाने पिवळी पडू शकतात.

छाटणी व फळधारणा

फुले नव्या फुटीवर पानांच्या बगलेत येतात. त्यामुळे छाटणीने झाड लहान राहते आणि फळांचा नवा बहरही मिळू शकतो. फळे उतरल्यावर फांद्या आखूड करून शेणखत देतात. ऐन मे महिन्यातील जोरदार छाटणी टाळतात, कारण उघडी पडलेली खोडे उन्हाने भाजतात. दोन-तीन वर्षांनी कुंडीतील माती बदलून गुंतलेली मुळे छाटावी लागतात.

कीड व रोग

गुलाबी पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने शेंडे आखडून पाने चुरगळतात. या विकृतीस ‘तुकरा’ म्हणतात. बाधित शेंडे कापून नष्ट करणे हा पहिला उपाय होय. याशिवाय भुरी, तांबेरा आणि पानांवरील ठिपके हे रोग आढळतात. घरी फळे खाण्यासाठी घेतली जात असल्याने रासायनिक फवारणी टाळणे इष्ट असते.

फळ

तुतीचे फळ हे अनेक लहान फुलांपासून बनलेले संयुक्त फळ आहे. वाणानुसार ते पांढरे, लाल किंवा जांभळट काळे असते. १०० ग्रॅम ताज्या फळांत सुमारे ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. पिकलेले फळ नाजूक असून शीतकपाटातही दोन-तीन दिवसच टिकते. त्यामुळे ते बाजारात क्वचित दिसते आणि घरच्या झाडाचे महत्त्व वाढते.