अमेरिकेतील शैक्षणिक कर्जवसुली आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
एकाच कुटुंबावर दोन कर्जे असतील तर आधी कोणते फेडावे, हा प्रश्न वरवर पाहता अंकगणिताचा वाटतो. कोविडमुळे मार्च २०२० पासून थांबलेली थकीत संघीय शैक्षणिक कर्जांची सक्तीची वसुली अमेरिकेत ५ मे २०२५ रोजी पुन्हा सुरू झाली, तेव्हा कार्डाचेही देणे असलेल्या कर्जदारांपुढे हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर व्याजदराइतकेच कायद्याच्या इतिहासातही दडलेले आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

शैक्षणिक कर्ज :
स्पुटनिकच्या धक्क्यानंतर सप्टेंबर १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा संमत झाला व विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज मिळू लागले. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने बँकांच्या शैक्षणिक कर्जांना सरकारी हमी दिली. पुढे मात्र कायदा कठोर होत गेला. १९७६ मध्ये परतफेडीच्या पहिल्या पाच वर्षांत दिवाळखोरीद्वारे या कर्जातून मुक्त होण्यावर निर्बंध आले. १९९१ मध्ये वसुलीची कालमर्यादा रद्द झाली. १९९८ पासून, कितीही वर्षे लोटली तरी, असह्य हलाखी सिद्ध केल्याखेरीज सुटका उरली नाही. थकबाकीदाराच्या खर्चयोग्य वेतनातून १५ टक्क्यांपर्यंत रक्कम न्यायालयाच्या हुकुमाविना कापता येते. प्राप्तिकराचा परतावाही वळता करता येतो.

क्रेडिट कार्ड :
योगायोग असा की, त्याच सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरी सुमारे ६० हजार कार्डे न मागता वाटली. १९७८ च्या मार्केट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बँकांना स्वतःच्या राज्यातील व्याजदर अन्य राज्यांतील ग्राहकांनाही लावण्याची मुभा दिली. परिणामी व्याजमर्यादा निष्प्रभ ठरल्या. २०२४ मध्ये सरासरी दर २० टक्क्यांहून अधिक होता. तथापि कार्डाचे कर्ज विनातारण असते. वेतनावर टाच आणण्यासाठी बँकेला दावा जिंकावा लागतो, दाव्यास कालमर्यादा असते आणि दिवाळखोरीत हे कर्ज सामान्यतः माफ होते.

व्यवस्थापनाचा क्रम :
यावरून असे दिसते की, व्याजाने कार्ड महाग आहे, तर थकल्यास शैक्षणिक कर्ज अधिक धोक्याचे आहे. म्हणून शैक्षणिक कर्ज प्रथम थकबाकीबाहेर ठेवावे; उत्पन्नाशी निगडित हप्त्याची सोय मिळत असल्यास घ्यावी. थकलेच असेल, तर दहा महिन्यांत नऊ ठरलेले हप्ते वेळेवर भरून खाते पूर्ववत करता येते. सर्व कार्डांची किमान रक्कम भरून उरलेला पैसा सर्वाधिक व्याजाच्या कार्डाकडे वळवावा. केवळ किमान रक्कम भरल्यास कर्ज किती काळ चालेल, हे २००९ च्या कायद्यानुसार मासिक विवरणपत्रात छापावेच लागते; ते वाचावे. हप्ता झेपत नसल्यास बँकेकडे वा ना-नफा कर्जसल्लागाराकडे वेळीच जावे. शैक्षणिक हप्ता कार्डावर उचल घेऊन भरणे मात्र स्वस्त कर्ज महाग करून घेण्यासारखे होय.

समारोप :
जानेवारी २०२६ मध्ये शिक्षण खात्याने सक्तीच्या वसुलीस पुन्हा स्थगिती जाहीर केली. परंतु २०२० च्या स्थगितीत व्याज थांबले तरी मुद्दल तसेच राहिले होते, हा अनुभव विसरता येत नाही. विद्यार्थ्यास शिक्षणासाठी कर्ज घेण्याचा सल्ला देताना ते कोणत्या कायद्याने वसूल होईल, हे सांगणेही अध्यापकाचे कर्तव्य ठरते.