आगगाडी गेली, वाट उरली

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातला ‘लेक डिस्ट्रिक्ट’ आपल्याकडच्या वाचकाला माहीत असतो तो बहुधा विल्यम वर्ड्सवर्थमुळे. कॉलेजात इंग्रजी कविता शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी तिथली तळी, टेकड्या आणि डॅफोडिलची फुले न पाहताच मनात साठवली आहेत. आज त्याच प्रदेशातून सायकलने भटकंती करणाऱ्यांचा एक प्रसिद्ध मार्ग जातो. त्याचे नाव ‘सी टू सी’, म्हणजे समुद्रापासून समुद्रापर्यंत. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हाइटहेवन किंवा वर्किंग्टनहून निघायचे आणि पूर्वेला संडरलंड किंवा टाइनमथला पोहोचायचे. अंतर सुमारे २२५ किलोमीटर. या मार्गातला केझिक ते थ्रेलकेल्ड हा तुकडा जेमतेम पाच किलोमीटरचा. पण निसर्ग पाहण्याचा अधिकार कुणाला, या भांडणाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या प्रदेशात घडला आणि त्याचे धागे या छोट्या तुकड्यापाशी येऊन मिळतात.

सुरुवात खुद्द वर्ड्सवर्थपासूनच करावी लागते. १८४४ साली केंडलहून विंडरमिअर तळ्याकडे रेल्वे नेण्याचा बेत जाहीर झाला, तेव्हा हा वृद्ध राजकवी लेखणी उपसून उभा राहिला. त्याने विरोधात सुनीत लिहिले, वर्तमानपत्राला पत्रे धाडली. निसर्गसौंदर्याची जाण सावकाश, संस्काराने येते. गाडीत भरून आणलेल्या कामकरी गर्दीला तिचा लाभ व्हायचा नाही आणि तळ्याकाठची शांतता मात्र जाईल, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. कवीची तळमळ खरी होती, पण तिच्या पोटात एक भिंतही होती. आत कोण यावे आणि कोणी येऊ नये, हे आधीपासून आत असलेल्यांनी ठरवायचे! रेल्वे थांबली नाही. १८४७ साली ती विंडरमिअरला आली.

केझिकची रेल्वे त्यानंतरची. कॉकरमथ, केझिक आणि पेन्रिथ या गावांना जोडणारा हा ३१ मैलांचा मार्ग १८६५च्या जानेवारीत प्रवाशांसाठी खुला झाला. तो काढला होता मात्र सौंदर्यासाठी नव्हे. पूर्वेकडच्या डरहॅमचा कोक पश्चिम किनाऱ्यावरच्या लोखंडाच्या भट्ट्यांपर्यंत न्यायचा, हा त्यामागचा मुख्य हिशेब. अभियंता होता टॉमस बाउच, ज्याचा टे नदीवरचा पूल १८७९च्या वादळात गाडीसकट कोसळला, तोच. केझिकजवळ ग्रेटा नदीच्या काठी बॉबिन बनवण्याची गिरणी होती. लेक डिस्ट्रिक्टच्या राईतल्या लाकडाची बॉबिने लँकेशरच्या कापडगिरण्यांना जात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात ज्या लँकेशरला वऱ्हाडचा कापूस हवाहवासा झाला होता, तेच हे लँकेशर. ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून ज्याचे गुणगान होई, तो प्रदेश असा कारखान्यांच्या जगाशी पक्का बांधलेला होता.

आजच्या सायकलस्वाराला या रेल्वेने एक मोठी देणगी दिली, ती म्हणजे सौम्य चढ. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार चढ सोसत नाही, घसरते. आपल्या बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे आणि तेवढ्यासाठीसुद्धा मागे जादा इंजिने जोडावी लागतात. लेक डिस्ट्रिक्टमधल्या हार्डनॉट खिंडीचा रस्ता काही ठिकाणी तीन फुटांमागे एक फूट चढतो. तिथे सायकलवरून उतरून ती ढकलत नेणारेच अधिक. बाउचला हे परवडणारे नव्हते. त्याने नदीचे बोट धरले. ग्रेटा पुन्हा पुन्हा ओलांडत, कुठे भराव घालून तर कुठे डोंगर पोखरून त्याने चढ पसरून टाकला. आज लहान मूल किंवा सत्तरीतली आजी त्या दरीतून सहज पायडल मारत जाते, ते कोकच्या मालगाडीसाठी केलेल्या या गणितामुळे.

याच वाटेच्या डोक्यावर लॅट्रिग नावाची टेकडी आहे. तिच्यावर जाणाऱ्या जुन्या पायवाटा जमीनमालकाने बंद केल्या, तेव्हा केझिकच्या लोकांनी पायवाटांसाठी संघटना उभी केली आणि १८८७च्या ऑक्टोबरात सुमारे दोन हजार माणसे अडथळे दूर करून टेकडीवर चढली. पुढच्या वर्षी कोर्टात तडजोड होऊन एक वाट लोकांसाठी मान्य झाली. या संघटनेचा अध्यक्ष होता पाद्री हार्डविक रॉन्स्ली. १८९५ साली ‘नॅशनल ट्रस्ट’ स्थापन करणाऱ्या तिघांपैकी तो एक. रॉन्स्ली वर्ड्सवर्थचा भक्त होता, दगडाच्या खाणीसाठी तळ्याकाठून निघू पाहणाऱ्या रेल्वेलाही त्याने विरोध केला होता. पण गुरूच्या भिंतीला त्याने दार पाडले. निसर्ग राखायचा तो लोकांपासून नव्हे, लोकांसाठी, ही त्याची भूमिका.

नेमक्या याच काळात सायकल आली. १८७८ साली हॅरोगेट येथे ‘बायसिकल टूरिंग क्लब’ स्थापन झाला आणि १८८३मध्ये त्याचे ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ असे नामांतर झाले. क्लब गावोगावच्या खाणावळींशी दर ठरवून घेई, त्यांच्या दारावर पंख असलेल्या चाकाची पाटी लावी, धोक्याच्या उतारांवर इशाऱ्याचे फलक उभारी. १८८५ची रोव्हर ‘सेफ्टी’ सायकल आणि १८८८चा डनलॉपचा हवेचा टायर यांनी हा श्रीमंत तरुणांचा खेळ हळूहळू कारकून, शिक्षक, गिरणी कामगार यांच्या आवाक्यात आणला. १८९४ साली बर्मिंगहॅममध्ये समाजवादी विचारांचा ‘क्लॅरियन’ सायकल क्लब निघाला. रविवारी धुरकट शहर सोडून मोकळ्या रस्त्याला लागायचे आणि जाता जाता प्रचारपत्रके वाटायची, असा त्यांचा शिरस्ता. ज्या कामकऱ्यांना गाडीने आणण्याची भीती वर्ड्सवर्थला वाटली होती, ते आता आपल्या पायांच्या बळावर येऊ लागले.

सगळ्यांनाच मोकळे दार होते असे नाही. १८९८ साली लेडी हार्बर्टन ही सायकलस्वार बाई सरे परगण्यातल्या एका हॉटेलात गेली. अंगात घोळदार झग्याऐवजी सायकलला सोयीचा विजारीसारखा पोशाख होता, म्हणून तिला कॉफीच्या दालनात बसू दिले नाही. टूरिंग क्लबने खटला भरला आणि तो हरला. रस्ता मोकळा असला तरी रस्त्याकडेचा उंबरा मोकळा असतोच असे नाही.

विसाव्या शतकात मोटार आली आणि रेल्वेचाच आधार गेला. केझिकच्या पश्चिमेची गाडी १९६६ साली बंद झाली, पेन्रिथकडची १९७२ साली. बॅसनथ्वेट तळ्याकाठच्या रूळमार्गाचा मोठा भाग ए-६६ या हमरस्त्याने गिळला. केझिकजवळचा एक बोगदा रस्त्याच्या कामात बुजवला गेला. पूर्वेकडचा दरीतला तुकडा तेवढा पायवाट म्हणून वाचला. १९७७ साली ब्रिस्टलमध्ये सुरू झालेल्या, पुढे ‘सस्ट्रान्स’ नाव घेतलेल्या संस्थेने अशा टाकून दिलेल्या रूळमार्गांवरून सायकलवाटा काढण्याचे काम हाती घेतले होते. १९९४ साली ‘सी टू सी’ सुरू झाला, तेव्हा केझिकची वाट त्यात आपोआप बसली.

५ डिसेंबर २०१५ रोजी डेस्मंड वादळ आले. जवळच्या होनिस्टर खिंडीत २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस झाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस अनुभवलेल्या आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण ब्रिटनमध्ये तो विक्रम ठरला. ग्रेटाने रेल्वेचे दोन पूल उचलून नेले. वाट पुन्हा उघडायला डिसेंबर २०२० उजाडला. नवे पूल झाले, बुजवलेला बोगदा खोदून मोकळा केला गेला.

आणि वाद पुन्हा पेटला! नव्या वाटेवर डांबरी थर द्यायचा ठरला, तेव्हा काहींनी विरोध केला. रानातल्या वाटेचा रस्ता होईल, तिचा गावरानपणा जाईल, हा त्यांचा आक्षेप. दुसरी बाजू अशी की, खडीवर चाकाची खुर्ची चालत नाही, बाबागाडी अडते, नव्याने सायकल शिकणारा घसरतो. शेवटी डांबर झाले.

आक्षेप घेणाऱ्यांना दुष्ट ठरवण्याचे कारण नाही, वर्ड्सवर्थही दुष्ट नव्हता. सौंदर्य नाजूक असते आणि गर्दी ते बिघडवू शकते, हे आज त्या तळ्यांच्या रस्त्यांवर तुंबलेल्या मोटारी पाहून कुणीही मान्य करील. पण या दरीचा इतिहास तपासला तर एक गोष्ट ठळक दिसते. दर वेळी राखणाची भाषा बोलली गेली ती आधीच पोहोचलेल्यांकडून आणि दर वेळी बाहेर ठेवला जाणार होता तो कमी पैशाचा, कमी ताकदीचा, वेगळ्या पोशाखाचा किंवा चाकाच्या खुर्चीतला माणूस. मोटारींच्या रांगा लावणारे ते नव्हेत. कोकसाठी बांधलेली ती सौम्य चढाची वाट आज त्या माणसालाही तळ्यांच्या मुलखात नेते. तिथे जाऊन त्याला काय दिसावे, काय जाणवावे, हे मग त्याचे त्याने पाहावे.