जुन्या सायकली : दुरुस्ती व व्यापार (खानदेश)

मुख्यतः १९६० पूर्वीच्या सायकली आणि त्यांचे सुटे भाग हुडकून काढणे, त्या मूळ रूपात पुन्हा चालत्या करणे व त्यांची खरेदी-विक्री करणे हा छंद आणि व्यवसाय. ही नोंद जळगाव व धुळे जिल्ह्यांपुरती, म्हणजे १९०६ मध्ये विभागलेल्या खानदेशाच्या अनुक्रमे पूर्व आणि पश्चिम भागांपुरती आहे. (धुळ्यातून नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला.)

दुसऱ्या महायुद्धापूर्वी भारतात विकली जाणारी बहुतेक सायकली इंग्लंडच्या बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम, कॉव्हेंट्री या शहरांतून येत. रॅले, बीएसए, हर्क्युलिस, हंबर, रज, फिलिप्स ही नावे खेड्यापाड्यांतही माहीत होती. खानदेशात भुसावळचे रेल्वे कामगार, अमळनेर आणि धुळ्याचे गिरणी कामगार, शाळामास्तर, दूधवाले हा सायकलचा मोठा गिऱ्हाईकवर्ग. लग्नात जावयाला घड्याळ आणि सायकल देण्याची पद्धतही होती. अशी सायकल घरात फार जपली जाई. पुढे आसनसोलची सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरची टीआय, सोनीपतची अ‍ॅटलस, लुधियान्याची हीरो (१९५६) हे कारखाने उभे राहिले आणि परदेशी माल आटला. म्हणून पन्नासचे दशक ही या व्यापाराची सीमारेषा ठरते.

खानदेशची हवा लोखंडाला मानवते. पाऊस बेताचा, आठ महिने कोरडे; कोकणात जी नळी आतून सडून गेली असती ती इथे गोठ्याच्या आढ्याखाली शाबूत सापडते. त्याची किंमत चामडे आणि रबर मोजतात. जळगावचा पारा मेमध्ये ४५ अंशांवर जातो, तेव्हा ब्रुक्सच्या सीटचे चामडे भेगाळते, हँडलच्या मुठी चिकट होऊन झडतात. इथल्या जुन्या सायकलीचा सांगाडा चांगला आणि साज गेलेला, असे चित्र बहुधा दिसते.

ओळख पटवण्याची पहिली जागा चेनव्हील. बीएसएवर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या असतात, कारण १८६१ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी मुळात बंदुका करणारी. रॅलेवर बगळ्याची डोकी, रजवर उघडा पंजा, हंबरवर धावणारी माणसे. हंबरचा पुढचा चिमटा दुहेरी नळ्यांचा असल्याने तो लांबूनही कळतो. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर त्यावर बहुधा वर्षाचे आकडे ठोकलेले सापडतात. त्यांचा प्रसिद्ध एडब्ल्यू हब १९३६ पासूनचा. मात्र हब बदललेला असू शकतो, म्हणून एवढ्यावरून सायकलचे वय ठरवू नये. मुलाम्याकडेही पाहावे: क्रोमचा मुलामा विसाच्या दशकाच्या अखेरीस रूढ झाला, त्याआधी निकेल होते आणि त्याला किंचित पिवळसर झाक असते. १९१५ ची म्हणून दाखवलेली सायकल क्रोमने लखलखत असेल, तर तिच्यावर मागाहून हात फिरला आहे.

दुरुस्तीत सर्वांत मोठे नुकसान आट्यांचे होते. रॅलेच्या बीबीला (क्रँकचा अक्ष जिच्यात फिरतो त्या नळीला) इंचाला २६ आटे, तर इतर बहुतेक इंग्लिश आणि देशी सायकलींना २४. व्यास मात्र सारखाच. बाजारातला कप थोडासा फिरतो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की सत्तर-ऐंशी वर्षे टिकलेली नळी एका मिनिटात कायमची वाया जाते. जाणता मिस्त्री जुनाच कप घासूनपुसून परत बसवतो आणि फक्त छर्रे नवे घालतो. क्रँक अक्षावर घट्ट धरणाऱ्या कॉटर पिनचेही तसेच. ती थेट हातोड्याने ठोकली तर वाकते. आधी दिवसभर रॉकेल मुरू द्यावे, क्रँकला खालून भक्कम टेकू द्यावा, मगच ठोकावे.

रंगाबाबत इथे चुकीची सवय पडली आहे. सायकल हाती आली की ती खरवडून चकचकीत काळी करायची, गिऱ्हाईक खूश. पण मूळ भट्टीतला काळा रंग, त्यावरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा आणि कंपनीची छापचित्रे एकदा गेली की परत येत नाहीत. नवी छापचित्रे चिकटवता येतात, मूळची नाहीत. रंग निम्म्याहून अधिक शिल्लक असेल तर धूळ व वंगण काढून, गंजापुरता उपचार करून तो तसाच ठेवणे हेच योग्य. वाळलेल्या चामड्याच्या सीटवर तेल ओतू नये, ती मऊ पडून लोंबते. थोडी चरबी खालच्या बाजूने चोळावी आणि पुढचा ताणाचा नट सावकाश फिरवावा.

झिजणारे भाग मिळवणे अवघड नाही. २८ इंची, दीड इंच रुंदीचे टायर, आरे, दांड्यांच्या ब्रेकचे गट्टू भारतात आजही तयार होतात, कारण काळी घोडा सायकल अजून रस्त्यावर आहे. दुर्मीळ असते ते दर्शनी सामान: हँडलखालच्या पुढच्या नळीवरचा पितळी बिल्ला, पूर्ण चेनकव्हर, ल्यूकसची घंटी, कार्बाइडचा दिवा. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकले की निघणाऱ्या अ‍ॅसिटिलीन वायूवर हा दिवा जळे. नगरपालिका सायकल-कर घेऊन जे बिल्ले देत, त्यांनाही संग्राहक आहेत. गावाचे नाव व वर्ष असलेला बिल्ला सायकल त्या गावात वापरात होती याचा पुरावा ठरतो.

व्यवहार दोन मापांत चालतो. भंगारवाला किलोने घेतो, संग्राहक नगाने. याच दरीत सायकली नष्ट होतात: पितळ वेगळे, लोखंड वेगळे होऊन माल भट्टीकडे जातो. तिथून वाचलेला माल पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार अशा ठिकाणी पोहोचू शकतो. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी २०१७ मध्ये जुन्या सायकलींचे संग्रहालय उघडले. त्यात सुटे भाग आणि हत्यारेही मांडली आहेत. खानदेशातल्या माणसाने जुनी सायकल विकण्याआधी ते एकदा पाहावे.

खरेदी करताना सांगाड्यावरचा क्रमांक लिहून घ्यावा, विकणाऱ्याकडून सहीची पावती घ्यावी; घरात जुनी बिले किंवा कराच्या पावत्या असतील तर त्या सायकलीबरोबरच मागाव्यात. शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि पुरावशेष परदेशी पाठवण्यास खासगी व्यक्तीला मनाई आहे. त्यामुळे पहिल्या महायुद्धाच्या आसपासची सायकल देशाबाहेर विकायची असल्यास आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करावी.